क्षमा कोणाच्या पदरची?

सभा चालविण्याचें काम ज्यानें कधीं केलें नाहीं, त्याला तें फार सोपें वाटतें. मधोमध एक खुर्ची, पुढें टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि एक घंटी. प्रारंभीं वक्त्याची ओळख करून द्यावयाची व शेवटीं आभार मानावयाचे, झालें! आम्हांलाही तसेंच वाटत होतें. अडतीस वर्षें आम्हीं शाळेंत मुलें हांकलीं. आम्हीं नुसता चष्मा काढून पुसावयास घेतला कीं चाळीस-पन्नास व्रात्य मुलांचा वर्ग चिडीचूप होत असे. अशा मास्तराला वीस-पंचवीस सुशिक्षित व प्रौढ माणसांची बैठक जड जाईल, ही शंकाही आमच्या मनाला शिवली नाहीं. ती पुढें चांगलीच जड गेली. आणि तिनें उतारवयांत आम्हांस जो धडा दिला, तो वाचकांपुढें ठेवावा म्हणून हा लेख.

सेवानिवृत्तीनंतर, २०१७ सालीं, आमच्या तालुक्याच्या गांवच्या वाचनालयानें शनिवारीं सायंकाळीं एक चर्चामंडळ काढलें व त्याचें चालकत्व आमच्या गळ्यांत घातलें. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पाठशाळेंत चार वर्षें संस्कृत घोकलेलें, एवढीच विद्येची पुंजी. तथापि मंडळ बरें चाललें. दर शनिवारीं कोणी एकानें कांहीं लिहून आणून वाचावें व इतरांनीं त्यावर बोलावें, याहून अधिक नियम आम्हीं केला नव्हता. येणाऱ्यांत एक डॉक्टर, एक वकील, बँकेंतून निवृत्त झालेले दोघे, कॉलेजांतलीं चार-पांच मुलें, आणि दुपारचें सारें आवरून येणाऱ्या सहा-सात गृहिणी होत्या. २०२० सालच्या मार्च महिन्यांत साथीमुळें वाचनालयास कुलूप लागलें, त्याबरोबर मंडळही बंद पडलें. २०२२ सालीं आम्हीं तें पुन्हां सुरू केलें, आणि त्याच पावसाळ्यांत ते गृहस्थ मंडळांत आले.

त्यांचें नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वाचन दांडगें, स्मरणशक्ति हेवा वाटावा अशी, वाणी खणखणीत. पहिल्या दोन बैठकींत त्यांनीं असे मार्मिक प्रश्न विचारले कीं, 'मंडळाला आतां रंग भरणार' असें आम्हीं घरीं येऊन मोठ्या उत्साहानें सांगितलें. तिसऱ्या बैठकीस त्यांनीं वकीलसाहेबांच्या उच्चारांवर एक चिमटा काढला. लोक हंसले, आम्हीही हंसलों. पांचव्या बैठकीस एका विद्यार्थ्याला त्यांनीं विचारलें, "हें तुझें स्वतःचें, कीं कोणाचें उतरवून आणलेंस?" मुलगा लाल झाला. लोक या वेळींही हंसले, पण थोडे कमी. पुढें बोलणाऱ्याच्या विषयाला हात लावावयाचा नाहीं, बोलणाऱ्याला लावावयाचा, हा त्यांचा क्रमच होऊन बसला.

या मंडळांत आमची एक माजी विद्यार्थिनी येत असे. सासर याच गांवांत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पदरीं दोन मुलें. सहा महिने ती मागच्या रांगेंत बसून नुसती ऐकत होती. एके दिवशीं जिन्यांत थांबून तिनें विचारलें, "सर, मी कांहीं लिहून आणूं का?" तिनें आपल्या आजीच्या तोंडून जात्यावरच्या चाळीसएक ओव्या उतरवून घेतल्या होत्या, आणि कोणती ओवी कोणत्या प्रसंगाची, माहेरची कोणती व सासरची कोणती, याविषयीं चार पानें लिहिलीं होतीं. वाचतांना तिचा हात कांपत होता. शुद्धलेखनाच्या व शब्दांच्या कांहीं चुका होत्या, नाहींत असें नाहीं. पण आमच्या मंडळांत वाचला गेलेला तो पहिला निबंध होता कीं जो कोणत्याही पुस्तकांतून आलेला नव्हता.

तिचें वाचून होतांच ते गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही ही विद्वत्सभा समजून येत होतों. आज भोंडला आहे हें आधीं कळलें असतें, तर येतांना खिरापत तरी आणली असती!"

हंशा पिकला. आम्हीं घंटीकडे हात नेला, आणि परत आणला. "विनोद आहे, विनोदानें घ्यावें," असें कांहींसें पुटपुटून आम्हीं पुढच्या वक्त्यास पाचारण केलें. त्या मुलीनें आपल्या चार पानांची घडी घातली, पिशवींत ठेवली, आणि ती सभा संपेपर्यंत खालीं मान घालून बसून राहिली. पुढच्या शनिवारीं ती आली नाहीं. त्यानंतर तिच्या शेजारीं बसणाऱ्या दोघीजणी येईनाशा झाल्या, मग तो विद्यार्थी. आम्हीं मनाची समजूत घातली : पाऊस फार आहे, परीक्षा जवळ आल्या आहेत, सणासुदीचे दिवस आहेत. शिक्षकाजवळ गैरहजेरीचीं कारणें नेहमींच तयार असतात, कारण तीं त्यानें जन्मभर ऐकलेलीं असतात.

याच सुमारास वाचनालयाच्या समितीतील एक स्नेही आम्हांस म्हणाले, "मास्तर, त्या माणसाला तुम्ही जसें सोसतां, तसें दुसऱ्या कोणाच्यानें सोसवलें नसतें. तुमची शांति म्हणजे प्रत्यक्ष नाथांची शांति." पैठणास एकनाथमहाराज गोदेचें स्नान करून परततांना एका उन्मत्त इसमानें त्यांच्या अंगावर एकशेंआठ वेळां थुंकावें आणि महाराजांनीं तितक्या वेळां शांतपणें पुन्हां स्नान करावें, ही आख्यायिका आपल्यांत लहान मुलासही ठाऊक आहे. तें ऐकून आम्हांस मनांतून गुदगुल्या झाल्या, हें कबूल केलें पाहिजे. घरीं येऊन आम्हीं तें बोलणें, सहज सांगितल्यासारखें दाखवून, आमच्या कुटुंबास ऐकविलें.

ती मेथी निवडीत बसली होती. मान वर न करतां म्हणाली, "अहो, नाथांच्या अंगावर जी थुंकी पडली ती त्यांच्या स्वतःच्या अंगावर ना? तुमच्या मंडळांत तुमच्यावर कोण थुंकतो? थुंकी पडते ती त्या पोरीच्या अंगावर, आणि क्षमा करतां तुम्ही. ही क्षमा कोणाच्या पदरची?"

आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें कांहीं नव्हतेंच. त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आपण ज्याला आजवर शांति म्हणत आलों, ती खरोखर काय होती, याचा हिशोब मांडूं लागलों, तेव्हां जें हातीं लागलें तें लाजिरवाणें होतें. आम्हांला त्या गृहस्थांचें भय वाटत होतें! आपण घंटी वाजवावी आणि त्यांनीं उलटून चारचौघांत आमच्या संस्कृताची एखादी चूक काढावी, आपली मॅट्रिक काढावी, हें तें भय. भयानें सोवळें नेसलें होतें, आणि आम्ही त्यालाच क्षमा समजून नमस्कार करीत होतों. स्वतःला झालेला अपमान पोटांत घालण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. परंतु जो चालकाच्या खुर्चीवर बसला, त्याला दुसऱ्याचा अपमान परस्पर माफ करून टाकण्याचा अधिकार कोणीं दिला? तिजोरी दुसऱ्याची आणि दानधर्म आपल्या नांवावर, असा तो व्यवहार होता.

सवयीप्रमाणें आम्ही जुन्या पोथ्यांकडे वळलों. आपल्या पूर्वजांनीं वादाचें शास्त्रच रचलें आहे. न्यायदर्शनांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्व कळावें म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प, आणि स्वतःचा कांहींच पक्ष न मांडतां दुसऱ्याचें केवळ खोडून काढावयाचें, ती वितंडा. चरकसंहितेच्या विमानस्थानांत तर याहून व्यवहाराची गोष्ट आहे. वैद्यांनीं आपसांत चर्चा करावी, पण ती दोन प्रकारची असते : स्नेहानें केलेली ती संधायसंभाषा, आणि भांडण मांडून केलेली ती विगृह्यसंभाषा. जो रागीट नाहीं, मत्सरी नाहीं, त्याच्याशीं पहिली करावी. त्याला निःशंक विचारावें, आणि तो हरला तर हर्ष मानूं नये, चारचौघांत फुशारकीही मारूं नये. सभेचेही तेथें प्रकार केले आहेत : सुहृद्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट, म्हणजे आधींच आकस धरून बसलेली. या शेवटच्या सभेंत कोणाशींही वाद करूं नये, असा वैद्याला स्पष्ट उपदेश आहे.

हें सर्व आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केलेलें होतें. पण त्याचा अर्थ साठी उलटल्यावर कळला. आमचें मंडळ सुहृदांचें होतें. एका माणसाच्या जिभेमुळें आणि आमच्या मौनामुळें तें हळूहळू दुसऱ्या प्रकारचें होत होतें, आणि ज्यांना भांडावयाचें नव्हतें तीं माणसें मुकाट्यानें उठून जात होतीं. न्यायसूत्रांत एक दृष्टांत आहे. कोंवळ्या अंकुराच्या रक्षणासाठीं भोंवतीं कांटेरी फांद्यांचें कुंपण घालतात, तसा जल्प-वितंडेचा उपयोग तत्त्वाच्या रक्षणासाठीं करावा, असा त्याचा आशय. कांटे वाईट नव्हेत. ते कुंपणांत असावे. आमच्या मंडळांत कांटे वाफ्यांत उगवले होते, आणि कुंपणाच्या जागीं आम्ही हात जोडून उभे होतों.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, नाहींतर या लेखाचा दुरुपयोग होईल. खुर्चीवर बसलेल्या माणसाला विरोध करणारा प्रत्येकजण द्वेष्टा वाटूं लागतो. १९०७ सालच्या डिसेंबरांत सुरत येथें भरलेली राष्ट्रसभा आठवावी. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ता. २७ रोजीं, अध्यक्षांच्या निवडीच्या ठरावावर आपणांस बोलावयाचें आहे, अशी चिठ्ठी लोकमान्य टिळकांनीं स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांजकडे रीतसर पाठविली. त्या चिठ्ठीस उत्तर आलें नाहीं. टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले; अध्यक्ष रासबिहारी घोष त्यांना बोलूं देईनात; गलका झाला, आणि त्या गलक्यांत भिरकावलेलें एक पादत्राण सुरेंद्रनाथ बॅनर्जींस लागून फेरोजशहा मेहतांवर आदळलें. खुर्च्या व काठ्या चालल्या, आणि अखेर पोलिसांनीं मंडप रिकामा केला. जहाल आणि मवाळ यांचा दुभंगलेला संसार पुन्हां एकत्र आला तो १९१६ सालीं, लखनौस. केवळ एका चिठ्ठीमुळें हें सारें घडलें असें नव्हे. कडवटपणा दोन्ही बाजूंस आधींपासूनच सांठला होता. तथापि सभा चालविणाऱ्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, जो रीतसर चिठ्ठी पाठवितो तो विरोधक असेल, पण सभेचा वैरी नव्हे. त्याला उत्तर मिळालेंच पाहिजे.

आम्ही एका सकाळीं त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. जें सांगावयाचें तें आधीं एकांतांत सांगावें, हा शाळेंतला जुना नियम. घर मोठें, पण माणूस एक. पत्नी निवर्तलेली, मुलें परगांवीं. त्यांनीं स्वतः चहा करून दिला, तोही उत्तम. तो पाहून बोलावें कीं न बोलावें असें क्षणभर झालें. पण त्यांच्या एकाकीपणाची किंमत त्या मुलीनें कां भरावी? आम्ही म्हणालों, "आपल्या विद्वत्तेचा मंडळास उपयोग आहे. निबंधावर आपण वाटेल तितकी कठोर टीका करावी. मात्र निबंध वाचणाऱ्याच्या शिक्षणावर, बाईपणावर, वयावर वा धंद्यावर बोलूं नये. बोललांत तर आम्ही घंटी वाजवूं."

ते हंसले. "मास्तर, तुम्हांला होयबा हवे आहेत. सत्य कडू लागतें."

"कडू लागूं द्या," आम्ही म्हणालों. "काढाही कडूच असतो; पण वैद्य तो रोग्याला पाजतो, त्याच्या तोंडावर फेंकीत नाहीं."

पुढच्याच आठवड्यांत त्यांनीं समितीकडे आमच्याविरुद्ध चार पानांचा अर्ज दिला. त्यांत अकरा तक्रारी होत्या. नऊ निव्वळ शिवीगाळीच्या. परंतु दोन खऱ्या होत्या. आम्ही आमच्या स्नेह्यांना ठरल्या वेळाहून अधिक बोलूं देत होतों, आणि विषय आयत्या वेळीं जाहीर करीत होतों. सुरतेची चिठ्ठी आमच्या डोळ्यांपुढें होती. येत्या शनिवारीं आम्हीं त्या दोन चुका भर बैठकींत कबूल केल्या, तक्रार कोणाची तें नांव घेऊन सांगितलें व आभार मानले. वेळ सर्वांना दहा मिनिटें व विषय पंधरा दिवस आधीं फळ्यावर, असें ठरविलें. आणि तिसरा नियम त्याच वेळीं वाचून दाखविला : बोलणें विषयावर, माणसावर नाहीं. आमचा समज झाला कीं आतां मिटलें.

तें मिटलें नाहीं. त्याच बैठकींत एका मुलानें आपल्या वडिलांच्या रसवंतीच्या धंद्यावर लिहिलेला लेख वाचला. ते गृहस्थ उठले. "रस काढणाऱ्यांनीं आतां साहित्यरसावरही—" इतकें त्यांच्या तोंडून बाहेर पडलें, आणि आम्हीं घंटी वाजविली.

घंटी लहान, पण सारें दालन एकदम स्तब्ध झालें. आम्ही म्हणालों, "हें वाक्य येथें चालणार नाहीं. लेखावर बोलावयाचें असेल तर आपणांस पुरीं दहा मिनिटें आहेत." याहून एक शब्दही आम्हीं अधिक उच्चारला नाहीं. मनांत पुष्कळ येत होतें. एक सुंदर टोमणाही ओठांपर्यंत आला होता. पण आम्हीं टोमणा मारला असता, तर वाफ्यांत कांट्याचें आणखी एक झाड, एवढेंच झालें असतें. ते आमच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनीं पिशवी उचलली आणि ते निघून गेले. टेबलाखालीं आमचे पाय थरथरत होते, हें कोणास दिसलें नाहीं. तो मुलगा राहिलेलें पान वाचूं लागला.

त्यांना मंडळांतून काढून टाकावें, असें समितीतील दोघांचें मत पडलें. आम्हीं नको म्हटलें. दार उघडें असावें. नियम मात्र दारावरच लिहिलेला असावा. चार महिने ते आले नाहींत. पांचव्या महिन्यांत एका शनिवारीं येऊन मागें बसले, कांहीं बोलले नाहींत. त्यानंतर कधीं येतात, कधीं येत नाहींत. प्रश्न विचारतात तो अजूनही बोंचरा असतो, पण विषयाला धरून असतो. रस्त्यांत भेटले तर आमचा नमस्कार घेतात. कधीं घेतही नाहींत. आमच्या उपदेशानें त्यांचें हृदयपरिवर्तन झालें, असें लिहिलें असतें तर लेख अधिक गोड झाला असता. तसें झालेलें नाहीं, आणि तें आमचें कामही नव्हतें. सभा राखणें एवढेंच आमचें काम.

त्या मुलीच्या घरीं आम्ही गेलों तें मात्र फार उशिरा. तिनें पाट मांडला, पोहे केले, आंतून सासूबाईंचा 'कोण आलें ग?' हा प्रश्न आला त्याला उत्तर दिलें. आम्ही म्हणालों, "त्या दिवशीं घंटी वाजवावयास हवी होती. आमची चूक झाली." ती म्हणाली, "सर, तुम्ही इतके घरापर्यंत आलांत, यांतच सारें आलें." थोडें थांबून पुन्हां म्हणाली, "पण आतां शनिवारीं मला वेळ होत नाहीं." तिच्या स्वरांत राग नव्हता, आणि म्हणूनच तो आम्हांस जास्त लागला. आजीच्या ओव्यांचें काय केलेंस, असें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आजी गेल्याचें तिनें निघतांना आपण होऊन सांगितलें.

हा एका लहानशा मंडळाचा वृत्तांत. परंतु तो येथें लिहिण्याचें कारण असें कीं, प्रत्येक एकत्र कुटुंब हीही एक सभाच आहे. दहा-बारा माणसांच्या घरांत एखाद्याची जीभ तिखट असते. कर्ता पुरुष म्हणतो, 'त्याचा स्वभावच तसा. आपण मोठे, आपण सोसावें.' हें वाक्य कानांस फार उदात्त लागतें. पण जेवतांना तो जें बोलतो, तें सोसतें कोण? धाकटी सून सोसते, आश्रयाला आलेला भाचा सोसतो, न मिळविणारा भाऊ सोसतो. आणि सोशिक म्हणून कीर्ति होते ती कर्त्याची. पाटावरून कोण अर्धपोटीं उठलें, याची त्याला वार्ताही नसते. अशा घरांत कोणी भांडत नाहीं, तेव्हां सर्व सुरळीत आहे असें कर्त्यानें समजूं नये. आमच्या मंडळांतही त्या मुलीनें भांडण केलें नव्हतें. तिनें फक्त पानांची घडी घातली होती.

तेव्हां ज्यांच्या हातीं घरची वा सभेची घंटी आहे, त्यांनीं क्षमा करतांना एकदां आपला खिसा चांचपून पाहावा. अपमान आपला असेल तर खुशाल क्षमा करावी, तितकी थोडीच. तो दुसऱ्याचा असेल, तर आधीं त्या दुसऱ्याकडे पाहावें.

आतां वाचून पाहतां, या लेखांत त्या गृहस्थांच्या जिभेविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे आणि आमच्या मौनाविषयीं त्या मानानें थोडें. वाचकांनीं तें प्रमाण उलटें करून वाचावें, एवढीच विनंती.